श्वास घ्यायची वाईट सवय

डॉक्टर दोन मिनिटं बोलले. त्यातलं दीड मिनिट कॉम्प्युटरशी. उरलेल्या अर्ध्या मिनिटात त्यांनी माझा रिपोर्ट पाहिला, मला पाहिलं, माझ्या पोटाला जरा निवांत पाहिलं आणि म्हणाले, “अंकलजी, लाइफस्टाइल बदलिए.” मग घंटी वाजवली. दवाखाना कुठला ते विचारू नका. अशी घंटी सगळीकडे वाजते.

चाळीस वर्षं लिहितो आहे. माझ्या लिखाणाला शैली आहे असं आजवर एकाही समीक्षकाने म्हटलं नाही. ती माझ्या जगण्याला होती, आणि इतकी ठसठशीत होती की रक्ताच्या चमचाभर नमुन्यातही उतरली, हे त्या दिवशी कळलं. शैली सापडली त्याच दिवशी ती बदलण्याचा हुकूमही सुटला. साहित्यिकाच्या नशिबात हेच.

मी राहतो भोपाळच्या साकेत नगरात. वडील नागपूरच्या सचिवालयातले. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, तिच्या मागोमाग फायली गेल्या आणि फायलींच्या मागोमाग वडील. फायली इथे रमल्या. वडील शेवटपर्यंत संत्र्याची चौकशी करत राहिले. आम्ही मात्र पक्के भोपाळी. केसपेपरला ‘पर्चा’ म्हणतो आणि संक्रांतीला तिळगूळ देताना हिंदीत गोड बोलतो.

साकेत नगर म्हणजे एम्स. देवस्थानाभोवती जसे पेढे, उदबत्त्या आणि धर्मशाळा, तशी एम्सभोवती औषधं, लॅबा आणि पेशंटच्या नातेवाइकांसाठी भाड्याच्या खोल्या. घोषणा २००३ सालची, एमबीबीएसचा पहिला वर्ग २०१२ सालचा, आणि आता मेट्रोच्या मार्गावर ‘एम्स’ नावाचं स्थानकच आहे. पूर्वी कॉलनीत नवं बिऱ्हाड आलं की गाव विचारायचे, जात चाचपून पाहायचे. आता थेट एचबीएवनसी विचारतात. समाज सुधारतो तो असा.

निरोगी माणूस आमच्या गल्लीत उरलेला नाही. जो आजारी नाही तो ‘बॉर्डरलाइन’ आहे. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले: देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. गोव्यात २६.४ टक्के, उत्तर प्रदेशात ४.८. आमच्या गल्लीतल्या यूपीवाल्यांनी हा आकडा मिठाई वाटून साजरा केला.

सकाळी सहाला पार्कात आमची फौज जमते. पायात बूट, कानाला माकडटोपी, तोंडात राजकारण. पाच फेऱ्या होतात. मोजायला मनगटावर घड्याळ असतं, ते दहा हजार पावलं झाल्याशिवाय शाबासकी देत नाही. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या ऋषीने सांगितला म्हणून शोधायला गेलो, तर तो निघाला जपानी दुकानदार. टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ, १९६५ साली, तिथे पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, विकायला बरा होता. साठ वर्षांनी साकेत नगरातला निवृत्त हेडक्लार्क रात्री साडेदहाला बेडरूममध्ये येरझाऱ्या घालतो आहे, कारण घड्याळात ९,७४० दिसतात.

पाच फेऱ्या झाल्या की फौज फाटकाबाहेरच्या गाडीवर. पोहे, पोह्यांवर शेव, शेजारी जलेबी. नवख्याला हे विसंगत वाटेल. भोपाळमध्ये चालणं हे पोह्यांचं पूर्वांग आहे. आणि एखाद्या रविवारी फौज जुन्या शहरात गेलीच तर तिथे नमकीन चहा. साखर आहेच, वर मीठ. डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा. भोपाळ म्हणतं, चहापासून सुरुवात करा. एका कपात बीपी आणि शुगर दोघांची सोय करणारं दुसरं शहर मला ठाऊक नाही.

फास्टिंगच्या रिपोर्टला मी पूर्वी सहज फसवायचो. दोन दिवस कारलं, दोन दिवस जिभेला कुलूप, तिसऱ्या दिवशी सकाळी सुई. रिपोर्ट असा सोज्ज्वळ यायचा की लॅबवाला आदराने उठून उभा राहायचा. मग एचबीएवनसीची तपासणी आली. रक्तातली तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस, आणि तेवढ्या दिवसांत रक्तात किती साखर फिरली त्याची नोंद अंगावर बाळगते. दिवाळीला खाल्लेली करंजी जानेवारीत बोलते. इतकी चुगलखोर पेशी आपल्याच रक्तातली आहे, याचं मला वाईट वाटलं.

डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला. आता हे सांगताना आपण कुठे बसलो आहोत याचं तरी भान हवं. शेजारी सीहोर. शरबती गव्हाचं माहेर. ती पोळी तव्यावर टम्म फुगते तेव्हा अख्खा जिना उठून बसतो. रत्नागिरीत राहणाऱ्याला हापूस सोडा म्हणावं, तसं हे. पण सोडला. ज्वारी आली. त्या ज्वारीकडे पुढे यायचंच आहे, कारण या लेखातला खरा गुन्हा तिथे घडला.

आधी नातेवाईक. मराठी माणसाला मधुमेह झाला की इन्शुलिनच्या आधी नातेवाईक सुरू होतात. पुण्याच्या वहिनी दीक्षितपंथी. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, खरी भूक ओळखा, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार आमच्या नागपूरच्या श्रीकांत जिचकारांचा, त्यामुळे माहेरची माणसंही त्याच पंथात. मुंबईचा भाचा दिवेकरपंथी. ऋजुता दिवेकर सांगतात थोड्या थोड्या वेळाने खा, तूप खा, भात खा, आजी खायची ते खा. मराठी घरांत या दोन पंथांनी जेवढी भांडणं लावली तेवढी शैव-वैष्णवांनीही लावली नसतील.

मी मध्यममार्ग काढला. दीक्षितांप्रमाणे दोनदा पोटभर जेवलो आणि मधल्या वेळात दिवेकरांप्रमाणे दर दोन तासांनी खाल्लं. तीन महिन्यांत चार किलो वाढलो. नागपूरची मावशी फोनवर म्हणाली, “काहून रे, कोणाचंच ऐकत नाहीस का?” मावशी, दोघांचंही ऐकलं, तोच तर घोळ झाला.

हे झालं माझं. घरात दुसराही पर्चा आहे.

बायकोला अकरा वर्षांपूर्वी संधिवात झाला. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. हा रुमेटॉइड. शरीराचं रक्षण करणारं दलच फिरतं आणि आपल्याच सांध्यांवर चालून जातं. सकाळी उठल्यावर तास-तास बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. सिगारेट ओढणाऱ्याला धोका वाढतो हे खरं, पण हिने आयुष्यात उदबत्ती आणि शेगडी याखेरीज काही पेटवलेलं नाही. काय खाल्लं म्हणून झाला? काही नाही. काय केलं नाही म्हणून झाला? काही नाही. झाला.

एवढं साधं उत्तर कुणाला पटत नाही. कारणाशिवाय आजार ही कल्पना निरोगी माणसाला सहन होत नाही, कारण मग तो त्यालाही होऊ शकतो. म्हणून येणारा प्रत्येक जण काही तरी सोडायला सांगतो. वांगी सोड. टोमॅटो सोड. दही सोड. आंबट सोड. रात्रीचा भात सोड. मनाला लावून घेणं सोड. एका बाईंनी तर सासूवरचा राग सोड म्हणून सांगितलं. सासूबाई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तांब्याची कडी आमच्याकडे इतकी जमली आहेत की मोडीत घातली तर एक बंब होईल.

तिची मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. समोरच्या भाभींची समजूत अशी की ती मेथीची गोळी आहे, आणि मेथीच घ्यायची तर भिजवून का नाही घेत. मेथोट्रेक्सेट मुळात कॅन्सरचं औषध. संधिवातात ते अगदी थोडक्या मात्रेत देतात, आणि आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. आमच्याकडे ती रविवारी रात्री घेते. आठवड्यातून एकदाच घ्यायची आणखी एक गोष्ट घरात आहे, ती तुम्ही आत्ता वाचताय. रोज घेतली तर तिचाही परिणाम बरा नसावा.

हं, तर ज्वारी.

डॉक्टर म्हणाले भाकरी खा. मी घरी येऊन म्हणालो, “उद्यापासून भाकरी.” बायको म्हणाली, “बरं.” आणि दुसऱ्या दिवसापासून माझी जीवनशैली बदलली. काय बदललं पाहा. मी ताटावर बसत होतो, बसत राहिलो. ताटात पोळी होती, तिच्या जागी भाकरी आली. ती भाकरी कशी होते? उकळत्या पाण्यात पीठ कालवायचं, तळव्याच्या टाचेने मळायचं, उंडा करायचा, परातीत पसरट बोटांनी थापायचा, उचलायचा, तव्यावर टाकायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा. मनगट, तळवा, बोटांचे सांधे. म्हणजे तिच्या पर्च्यावर जेवढ्या जागांना लाल खुणा होत्या, तेवढ्या सगळ्या.

सहा आठवडे मी मिरवत होतो. पार्कात सांगत होतो, गहू सोडला. शुगर उतरली. लोक पाठ थोपटत होते. सातव्या आठवड्यात एका सकाळी परात पडल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात गेलो तर ती दोन्ही हात गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून उभी होती. पीठ जमिनीवर. म्हणाली, “जरा थांबा, बोटं उघडली की थापते.”

माझी जीवनशैली कुणाच्या बोटांवर चालली होती ते मला सहा आठवडे दिसलं नव्हतं. आणि हे फक्त माझं नाही. पार्कातल्या फौजेत ज्यांनी ज्यांनी ‘मी बदललो’ असं जाहीर केलं, त्यांच्या घरी चौकशी करून पाहा. एकाचं सॅलड कोण चिरतं, दुसऱ्याचा दुधीचा रस पहाटे कोण काढतं, तिसऱ्याच्या गोळ्यांचे डबे कोण भरतं. पुरुषाला आजार झाला की बायको बदलते. बायकोला झाला की, माझ्या पाहण्यात तरी, तीच पुन्हा बदलते. तिच्यासाठी आमच्याकडे काय बदललं होतं? बरण्यांची झाकणं सैल लावायला मी शिकलो होतो. अकरा वर्षांत तेवढंच.

‘जीवनशैलीचा आजार’ हा शब्द कुणी घडवला माहीत नाही, पण बिलंदर माणूस असणार. आजार कुणाचा, तर तुमचा. शैली कुणाची, तर तुमचीच. कोर्ट नको, वकील नको, आरोपी स्वतःच सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये हजर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या शब्दाची बरीच पंचाईत करून ठेवली आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघं शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाच्या ९.१ टक्के आणि आमच्या याज्ञिकांच्या २१.२. दिसायला सडपातळ, आतून लोणी. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली तर वजन सरासरी २.७ किलो, इंग्रज बाळांचं ३.५. पण त्या किडकिडीत बाळांच्याही अंगात चरबीचं प्रमाण उलट जास्त. म्हणजे माझ्या शुगरचा पाया मी जन्मायच्या आधी, आईच्या पोटात पडला असण्याचा संभव आहे. नऊ महिने मी तिथे काय केलं? बैठी जीवनशैली, दुसरं काय. अंधार होता, जागा कमी होती आणि पार्क लांब होतं.

आणि भोपाळमध्ये हा शब्द उच्चारताना तर जीभ जरा अडखळायला हवी.

मागे एका लॅबच्या रांगेत बसलो होतो. शेजारी जुन्या शहरातले एक मियां, सत्तरीचे, मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पर्च्यांचा गठ्ठा. दोन वाक्यं बोलले की दम लागायचा. पलीकडे आमच्यासारखाच एक सुधारलेला गृहस्थ, मनगटावर घड्याळ. त्याने आपुलकीने विचारलं, “सिगरेट पीते थे क्या?” मियांनी श्वास जमवला. म्हणाले, “नहीं भाईसाब. सांस लेते थे.”

२ डिसेंबर १९८४ ची रात्र. शहराच्या उत्तरेला युनियन कार्बाइड. ई-६१० नावाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट. टाकीत पाणी शिरलं, आत उकळी फुटली, आणि मध्यरात्रीनंतर तो वायू वाऱ्याबरोबर झोपलेल्या वस्त्यांवर उतरला. जे. पी. नगर, काझी कँप, रेल्वे स्टेशन. माणसं डोळ्यांत मिरची गेल्यासारखी खोकत उठली आणि पळत सुटली. नंतर जाणकारांनी सांगितलं, पळायला नको होतं. ओलं फडकं नाकातोंडावर धरून पडून राहिले असते तर बरेच वाचले असते. पळणाऱ्याचा श्वास खोल जातो, वायूही तेवढाच खोल गेला. ही एवढी ओल्या फडक्याची गोष्ट त्या रात्री कारखान्याने वस्तीला सांगितली नाही. एरवी धावणं तब्येतीला उत्तम.

आम्ही तेव्हा तात्या टोपे नगरात, सरकारी क्वार्टरमध्ये. वाऱ्याने आम्हाला वगळलं. त्यात आमच्या जीवनशैलीचं कर्तृत्व शून्य.

पुढचा हिशेब असा: १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पावणेसहा लाखांच्या आसपास माणसांचे दावे मंजूर झाले. बहुतेकांच्या हातात आले २५ हजार, आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा तितकेच. कारण त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, ‘तात्पुरती इजा’. चाळीस वर्षं दम लागतो आहे, जिना चढवत नाही, डोळे गळतात, पण तात्पुरते. भरपाई वाढवून मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मार्चमध्ये फेटाळली. माझ्या शुगरला पहिल्याच दिवशी ‘आयुष्यभराची’ म्हणून शिक्का मिळाला. मियांच्या फुप्फुसांना तो चाळीस वर्षांत मिळाला नाही. जुनाट आजार कुठला आणि तात्पुरता कुठला हे वैद्यक ठरवतं अशी माझी समजूत होती. ते, असं दिसतं, पैसे कोण देणार यावरून ठरतं.

आणि बैठी जीवनशैली म्हणाल, तर या शहरात ती एकाचीच. कारखान्यातल्या त्या विषारी कचऱ्याची. चाळीस वर्षं तो जागचा फारसा हलला नाही. २०२५ च्या जानेवारीत त्यातला ३३७ टन कंटेनरमध्ये घालून पिथमपूरला नेला, जाळायला. बंदोबस्त, रिकामे केलेले रस्ते, रात्रीचा प्रवास. एवढा थाट मी पार्कात जायला उठतो तेव्हा होत नाही. त्या कचऱ्याला आळशी म्हणून कुणी हिणवलं नाही.

जुन्या शहरात १९९६ साली ‘संभावना’ नावाचा दवाखाना निघाला, गॅसपीडितांसाठी, फुकट. तिथे गोळ्यांबरोबर आयुर्वेद होता, योगासनं होती, आवारात औषधी झाडांची बाग होती. म्हणजे ज्याला आपण जीवनशैली म्हणतो ते सगळं. फरक एवढाच की प्राणायाम शिकवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, समोरच्याचा दम त्याच्या चुकीने गेलेला नाही. त्यामुळे शिकवताना आवाज चढवायची गरज पडली नाही.

कुणी म्हणेल, गृहस्थाला पोहे सोडायचे नाहीत म्हणून याज्ञिकांपासून युनियन कार्बाइडपर्यंत साक्षीदार गोळा करतो आहे. संशय बरोबर आहे. म्हणून कबूल करतो: खाणं-चालणं बदललं की फरक पडतो. अमेरिकेत २००२ साली निकाल आला, उंबरठ्यावरच्या लोकांत राहणी बदलल्याने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन गोळीने ३१. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी तोच प्रयोग केला, २००६ मध्ये निकाल आला. तिथे राहणीने २८.५ टक्के, गोळीने २६.४. भारतीय माणसाला राहणी आणि गोळी सारखीच लागू पडते, बहुधा आपण दोन्ही सारख्याच मनोभावे चुकवतो. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाच्या प्रयोगात माणसांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींच्या पेयांवर ठेवलं. वर्षाने ४६ टक्क्यांचा मधुमेह मागे हटला होता. दोन वर्षांनी ३६. पाच वर्षांनी, पाहणीत टिकलेल्यांपैकी, १३.

हा ४६ पासून १३ पर्यंतचा उतार कुणी फलकावर लावत नाही. फलकावर ‘मधुमेहमुक्त’ एवढंच असतं, आणि हारतुऱ्यांतला फोटो पहिल्या वर्षाचा असतो. शिवाय त्या अमेरिकन प्रयोगात प्रत्येकाला एक खासगी मार्गदर्शक दिलेला होता, सोळा धड्यांचा अभ्यासक्रम होता, एकेकट्याला बसवून शिकवत होते, सहा महिने. आमच्या डॉक्टरांकडे माझ्यासाठी अर्धं मिनिट होतं. सोळा धडे अर्ध्या मिनिटात बसवले तर जे उरतं ते “लाइफस्टाइल बदलिए”. डॉक्टरांचाही दोष नाही म्हणा. बाहेर बाकावर चाळीस शैल्या खोळंबल्या होत्या.

परात पडली त्या दिवसापासून भाकरी मी थापतो. अंगण वाकडं असल्याचं सांगायचीही सोय नाही, फ्लॅटमध्ये ओटा सरळ आहे. पहिले पंधरा दिवस उंडा परातीलाच चिकटून बसायचा. मग सुटायला लागला, पण उचलताना तुटायचा. बायको स्टुलावर बसून देखरेख करते. अकरा वर्षांत तिला सल्ला देणारे दोनशे भेटले. सल्ला द्यायची संधी पहिल्यांदाच मिळाली आहे आणि ती सोडत नाही. “पाणी कमी.” “टाचेने मळा, बोटांनी नाही.” “अहो, थापा म्हटलं, मारू नका.” माझ्या मनगटाला व्यायाम होतो. घड्याळ मात्र तो मोजत नाही, त्याला फक्त पावलं कळतात.

समोरचे भाईसाब परवा डोकावले. मला परातीशी पाहून क्षणभर थबकले. मग आपुलकीने म्हणाले, “भाईसाब, ज्वार से अच्छा रागी है.”

परवाच्या रविवारी भाकरी प्रथमच पूर्ण गोल झाली. तव्यावर टाकेपर्यंत. उलटताना उजवीकडचा एक मोठा तुकडा अलग झाला, २००० सालच्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशाचा झाला होता तसा. मी दोन्ही तुकडे तसेच ताटात ठेवून तिच्यापुढे नेले. तिने पाहिलं. रविवारची गोळी डाव्या हातात होती, ती आधी बाजूला ठेवली.

“छत्तीसगड तुम्ही घ्या,” ती म्हणाली, “तुम्हाला शुगर आहे. मध्य प्रदेश इकडे द्या.”